मानपत्रातील रिकामी ओळ

आमच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात गुणवंतांचा सत्कार होतो, ही प्रथा सर्व ज्ञातिबांधवांना परिचित आहे. शालान्त परीक्षेत चमकलेली मुले, नव्याने पदवी मिळविलेले तरुण, बढती लाभलेले अधिकारी आणि दीर्घ सेवेनंतर निवृत्त झालेली वडीलधारी मंडळी यांना शाल, श्रीफळ व मानपत्र अर्पण करण्यात येते. मानपत्रे लिहिण्याचे काम गेली काही वर्षे आमच्याकडे आहे. हे काम वरकरणी सोपे वाटते. जन्मगाव, शिक्षण, पदे आणि शेवटी दीर्घायुरारोग्य चिंतून मोकळे व्हावे, असा त्याचा ठरलेला साचा आहे. गतवर्षी मात्र या साच्याने आमची चांगलीच अडचण केली.

सत्कारमूर्तींपैकी एक गृहस्थ राज्यातील एका कृषी विद्यापीठातून प्राध्यापक म्हणून निवृत्त झालेले होते. त्यांनी आपली माहिती पाठविली, ती सहा पृष्ठांची होती. त्यांतील साडेपाच पृष्ठे शोधनिबंध, परिषदा, समित्या आणि मार्गदर्शन केलेले विद्यार्थी यांनी व्यापली होती. अखेरीस "विस्तारकार्य" असे शीर्षक होते व त्याखाली अवघ्या दोन ओळी होत्या. आम्ही त्या आधारे मानपत्राचा मसुदा केला आणि तो सहज म्हणून त्यांच्याच तालुक्यातील आमच्या एका वृद्ध आप्तांना वाचून दाखविला. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला व विचारले, "हे कोण गृहस्थ?" आम्ही नाव पुन्हा सांगितले. तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे आपले ज्वारीवाले सर की! चार हंगाम आमच्या बांधावर आलेत ते. त्यातलं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही."

त्या एका वाक्याने आम्हांला मसुदा फाडावा लागला. त्यानंतर आम्ही जे वाचले व जे आठवले, ते वाचकांपुढे ठेवीत आहोत. आमच्या ज्ञातीतील बहुसंख्य घरे आजही या ना त्या नात्याने जमिनीशी बांधलेली आहेत, आणि ज्यांच्या घरातून एकही मुलगा वा मुलगी कृषी महाविद्यालयात गेलेली नाही अशी घरे आता थोडीच उरली असतील. तेव्हा हा विषय परका वाटू नये.

विद्येने शेतापर्यंत यावे आणि शेतकऱ्याच्या कसबाला प्रतिष्ठा मिळावी, ही मागणी आपल्याकडे विद्यापीठे होण्यापूर्वी किती तरी आधीची आहे. जोतीराव फुले यांनी 1883 साली "शेतकऱ्याचा असूड" लिहिला, तेव्हा त्यांनी केवळ गाऱ्हाणी मांडली नाहीत, उपायही सांगितले. पाणी अडवावे, जनावरांची पैदास सुधारावी, शेतमालाची प्रदर्शने भरवून उत्तम शेतकऱ्यांस बक्षिसे द्यावीत, हे त्यांतील काही होत. शेतकऱ्याच्या ज्या मुलाने शाळेतील शिक्षण घेऊन नांगर व पाभर हाकण्याची परीक्षा दिली, त्यास गावची पाटीलकी द्यावी, अशीही त्यांची सूचना होती. वंशपरंपरेने चालत आलेला मान कसोटीला लावून कर्त्या हातांकडे वळवावा, हा तीमागचा विचार. त्या काळी तो धाडसाचा होता, आणि आम्हांस वाटते, आजही तो पुरता पचलेला नाही.

पुण्यात सायन्स कॉलेजला जोडून 1879 साली शेतकीचा वर्ग निघाला होता. त्यातून पुढे स्वतंत्र कृषी महाविद्यालय उभे राहिले व 1907 साली डॉ. हॅरॉल्ड मॅन नावाचे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ प्राचार्य म्हणून आले. यांच्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे, कारण प्राध्यापकाने गावात जाणे म्हणजे काय, याचा पहिला धडा आपल्याकडे त्यांनी घालून दिला. तो धडा शिकविण्याचा नसून शिकण्याचा होता, हे विशेष.

मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह पुण्याजवळील पिंपळे सौदागर हे लहानसे गाव अभ्यासासाठी निवडले. प्रत्येक शेताची मोजणी, जमिनीचा पोत, विहिरी, पिके, कुटुंबाची आवक-जावक, कर्ज, घरातील माणसे व जनावरे, यांची त्यांनी बारकाईने नोंद केली. "लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज" या नावाने 1917 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातील आकडे आजही अंगावर काटा आणतात. 1771 साली या गावी सरासरी जमीनधारणा 40 एकर होती. 1818 साली ती साडेसतरा एकरांवर आली व 1915 च्या सुमारास 7 एकरांवर. 156 खातेदारांच्या जमिनीचे 729 तुकडे झालेले होते. त्यांपैकी 463 तुकडे एक एकराहून लहान, आणि 112 तर पाव एकराहूनही लहान! भाऊबंदकीने वावराच्या चिंध्या होतात, हे प्रत्येक आजीबाईला ठाऊक होते. पण सरकारदरबारी शेतकऱ्याच्या दैन्याचे खापर त्याच्या आळसावर व लग्नकार्यातील उधळपट्टीवर फोडण्याची सवय होती. तिला उत्तर देण्यास आकडे लागतात, आणि ते आकडे एका महाविद्यालयाच्या प्राचार्याने गावच्या पांदीतून चालत जाऊन मिळविले. पुढे 1921 साली त्यांनी नारायण कानिटकर यांच्यासह जातेगाव बुद्रुक या कोरडवाहू गावाचा असाच अभ्यास प्रसिद्ध केला.

आज पिंपळे सौदागरात गेलो तर ती शेते दिसत नाहीत. पिंपरी-चिंचवडच्या विस्तारात हे गाव बुडून गेले असून मॅन यांनी मोजलेल्या पाव एकरांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या आहेत. अर्थात त्या तुकड्यांची किंमत आज जी झाली आहे, ती ऐकून मॅन यांनी पुन्हा वही उघडली असती, यात संशय नाही! असो.

कानिटकरांचे नाव निघाले आहे, तर कोरडवाहू शेतीच्या संशोधनाचा उल्लेख करणे प्राप्त आहे. पुण्याजवळ मांजरी येथे 1923 साली ताम्हणे यांनी या कामाचा पाया घातला आणि कानिटकरांनी ते वाढविले. 1933 साली सोलापूर येथे कोरडवाहू संशोधन केंद्र सुरू झाले. तेथील प्रयोगांतून जी पद्धत सिद्ध झाली, ती "मुंबई कोरडवाहू पद्धत" म्हणून ओळखली गेली. समपातळीवर बांध घालून पाणी अडवावे, तीन वर्षांतून एकदा खोल नांगरट करावी, शेणखत नेमाने द्यावे, बी कमी वापरावे, दोन ओळींत 18 इंचांचे अंतर ठेवावे आणि पीक उभे असता वारंवार कोळपणी करून ओल राखावी, असे तिचे सार होते. कानिटकरांचा या विषयावरील ग्रंथ 1944 साली प्रसिद्ध झाला.

ही पद्धत वाचताना आम्हांस आमच्या आजोबांची आठवण झाली. "पहिली कोळपणी तणासाठी, दुसरी ओलीसाठी आणि तिसरी भेगांसाठी" असे ते म्हणत. मांजरी व सोलापूर येथील प्रयोगांची त्यांना काही वार्ता होती की नाही, कोण जाणे. शेतकऱ्याचे जुने ज्ञान केंद्रात गेले, तेथे तोलून पाहिले गेले, त्यातील निरुपयोगी भाग गळाला व उरलेला भाग नव्या जोडीसह गावी परतला, असा हा प्रवास झाला असला पाहिजे. पाभरीच्या फणांतील अंतर वाढविणे व बी कमी टाकणे ही गोष्ट मात्र आजोबांच्या पिढीला सहजी पटलेली नव्हती. बी कमी टाकले तर धान्य कमी येईल, हा सरळ हिशेब मोडून काढण्यास भाषण पुरत नाही. शेजारच्या वावरात दुष्काळी सालीही कणीस भरलेले दिसावे लागते. बांधावरच्या प्रात्यक्षिकाचे महत्त्व नेमके येथे आहे.

याच सुमारास, 1930 च्या दशकात, मोहोळ येथे स्थानिक मालदांडी ज्वारीतून निवड पद्धतीने एक वाण काढण्यात आला. तो एम 35-1 या नावाने प्रसिद्ध आहे. यातील "एम" म्हणजे मालदांडी. सोलापूर, अहिल्यानगर, बीड, धाराशिव या भागांतील आमच्या ज्ञातिबांधवांना या वाणाची ओळख करून देणे म्हणजे घरच्याच माणसाची ओळख करून देण्यासारखे आहे. ज्याची भाकरी पांढरी, गोड व मऊ आणि ज्याचा कडबा गुरे आवडीने खातात, असा हा वाण. 1964 साली संकरित ज्वारीचा सीएसएच-1 हा पहिला वाण आला, त्यानंतर खरिपाचे चित्र पालटले. पण रब्बीच्या काळ्या रानातून मालदांडीस हुसकून लावणे नव्या वाणांना फार जड गेले. नंतरच्या कित्येक संशोधकांना आपला वाण मालदांडीच्या तोडीचा आहे हे सिद्ध करण्यातच हयात घालवावी लागली. मालदांडीचे नाव अशा रीतीने ज्वारीबरोबर घराघरात गेले. ज्यांनी शेकडो कणसांतून ते कणीस निवडले, त्यांची नावे मात्र भाकरीसोबत आली नाहीत.

स्वातंत्र्यानंतर राधाकृष्णन आयोगाने 1949 साली ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली. अमेरिकेत 1862 च्या कायद्याने प्रत्येक राज्यात शेतकी शिक्षणासाठी जमिनी देऊन महाविद्यालये स्थापण्यात आली होती, 1887 साली त्यांना संशोधन केंद्रे जोडली गेली आणि 1914 साली शेतकऱ्यांपर्यंत जाणारी विस्तारसेवा जोडली गेली. शिक्षण, संशोधन व विस्तार ही तीन कामे एकाच छताखाली असावीत, हा धडा आपण तेथून घेतला. 1960 साली पंतनगर येथे देशातील पहिले कृषी विद्यापीठ सुरू झाले. महाराष्ट्राचे कृषी विद्यापीठ 29 मार्च 1968 रोजी स्थापन झाले.

ते कोठे व्हावे, यावरून जे रण माजले, ते आमच्या विदर्भातील वाचकांना सांगावयास नको. 1967 साली अकोल्यात कृषी विद्यापीठासाठी आंदोलन पेटले व त्यात तरुणांना प्राण गमवावे लागले. महाविद्यालयासाठी वर्गणी काढणारा समाज आपण पाहिला आहे. शेतीच्या विद्येसाठी प्राण गेल्याचे उदाहरण विरळा. 20 ऑक्टोबर 1969 रोजी अकोल्यास दुसरे विद्यापीठ मिळाले व त्यास पंजाबराव देशमुखांचे नाव देण्यात आले. 1952 ते 1962 या काळात केंद्रात कृषिमंत्री असलेल्या आणि 1955 साली भारत कृषक समाज उभा करणाऱ्या या वऱ्हाडच्या सुपुत्राचे नाव सर्वस्वी उचित होते. 18 मे 1972 रोजी दापोली व परभणी ही दोन विद्यापीठे झाली. ते वर्ष भीषण अवर्षणाचे. खडी फोडणाऱ्या हातांच्या काळात मराठवाड्याचे कृषी विद्यापीठ जन्मास आले, ही गोष्ट आम्हांस विसरता येत नाही. पुढे राहुरीच्या विद्यापीठास महात्मा फुले यांचे नाव लाभले आणि तेथील वाण "फुले" या उपपदाने निघू लागले. फुले वसुधा, फुले रेवती, फुले सुचित्रा या ज्वाऱ्या आज रब्बीच्या रानात पेरल्या जातात. ज्याने "असूड" उगारला, त्याचे नाव बियाण्याच्या पिशवीवर यावे, हा मान कोणत्याही पुतळ्याहून आम्हांस मोठा वाटतो.

चारही विद्यापीठांच्या कामाची जंत्री देण्याचा आमचा मानस नाही. वेंगुर्ल्याच्या केंद्राने नीलम व हापूस यांच्या संकरातून 1981 साली "रत्ना" आंबा काढला, ज्यात हापुसाला छळणारा साका नाही. त्याच केंद्राच्या काजू कलमांनी कोकणातील वरकस जमिनींना नवा अर्थ दिला, आणि 1990 साली रोजगार हमीशी फळबाग लागवड जोडली गेल्यावर त्या कलमांना मोठी मागणी आली. नांदेडच्या कापूस केंद्राचा एनएचएच-44 हा संकरित वाण कोरडवाहू कापूसवाल्यांचा आधार होता. 2002 साली बीटी कापसास परवानगी मिळाल्यावर खासगी कंपन्यांच्या पाकिटांनी दुकाने भरली व विद्यापीठांचे संकरित कापूस मागे पडले.

परंतु परभणीच्या एका वाणाची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड निस्तेज होते व फळेही पिवळी पडतात. पांढऱ्या माशीमार्फत पसरणारा हा विषाणूजन्य रोग आहे. दिल्लीच्या संस्थेने काढलेला "पुसा सावनी" हा वाण आरंभी त्यास दाद देत नसे, परंतु काही वर्षांनी तोही बळी पडू लागला. परभणीचे जांभळे व नेरकर या दोघा शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका दूरच्या रानटी नातलगाशी तिचा संकर केला. अशा संकरात बहुधा वांझ झाडे निपजतात, किंवा रोगप्रतिकारासोबत रानटी अवगुणही येतात. पुन्हा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून, पिढ्यामागून पिढ्या निवड करीत त्यांनी जो वाण सिद्ध केला, तो 1985 साली "परभणी क्रांती" या नावाने बाहेर पडला. पुढे देशभरच्या भाजीवाल्यांच्या तोंडी परभणीचे नाव गेले ते या हिरव्या भेंडीमुळे. आमच्या ज्ञातीतील भाजीपाला पिकविणाऱ्या एका घरात थोरल्या मुलीच्या लग्नाचा खर्च परभणी क्रांतीच्या दोन हंगामांनी भागविला, ही गोष्ट त्या घरच्या मावशी आजही सांगतात. शास्त्रज्ञांची नावे मावशींना ठाऊक नव्हती. आम्ही सांगितली, तेव्हा त्यांनी ती दोनदा म्हणवून घेतली.

आता मूळ अडचणीकडे वळतो. संशोधकाला निदान वाणाच्या रूपाने काही दाखविता येते. वर्गात शिकविणाऱ्याला विद्यार्थी असतात, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या पारितोषिकांची दारे त्यांना खुली असतात. राज्य शासन कर्तबगार शेतकऱ्यांना कृषिभूषण, कृषिरत्न म्हणून गौरविते. परंतु जो प्राध्यापक संशोधन केंद्र व शेत यांमधल्या वाटेवर आयुष्य घालवितो, त्याच्या कामाचे मोजमाप कसे करावे? बढतीच्या गुणपत्रकात निबंधाला गुण आहेत, नियतकालिकाच्या प्रतिष्ठेप्रमाणे कमीअधिक गुण आहेत. एखाद्या विधवा भगिनीस बीजप्रक्रिया शिकवून तिची कणसे काणीपासून वाचविली, याला फार तर "प्रशिक्षण कार्यक्रम एक, उपस्थिती इतकी" अशी जागा मिळते.

आमच्या सत्कारमूर्तींचे असेच झाले. त्यांची बढती दोनदा लांबली, कारण निबंध कमी पडले. ही गोष्ट त्यांनी नव्हे, त्यांच्या पत्नींनी आम्हांस सांगितली, आणि सांगताना त्यांच्या स्वरात कटुता नव्हती असे म्हणणे खोटे होईल. पेरणीचा हंगाम आणि परिषदांचा हंगाम एकच पडे, आणि सर गावी जात.

विस्ताराची व्यवस्था मुळीच नाही, असे मात्र कोणी समजू नये. 1974 साली पुदुच्चेरीस पहिले कृषी विज्ञान केंद्र निघाले, त्यांची संख्या आज देशात 700 वर गेली असून आपल्या राज्यात ती सुमारे 50 आहेत. राहुरीची "कृषिदर्शनी" व "श्री सुगी", परभणीचे "शेतीभाती", अकोल्याची "कृषी पत्रिका" ही प्रकाशने कित्येक घरांत पंचांगाशेजारी ठेवलेली आम्ही पाहिली आहेत. परभणीस विद्यापीठाच्या वर्धापनदिनी खरिपाचा मेळावा भरतो, आणि बियाण्यासाठी पहाटेपासून रांगा लागतात. अकोल्याच्या शिवारफेरीत शेतकरी प्रत्यक्ष उभी पिके पाहत हिंडतात. शिवाय अंतिम वर्षाची मुले-मुली ग्रामीण कार्यानुभवासाठी खेड्यात येतात. "कृषिदूत" व "कृषिकन्या" ही त्यांची नावे आता वृत्तपत्रांनी रूढ केली आहेत. आमच्याच ज्ञातीतील एक कृषिकन्या परजिल्ह्यातील गावी जाऊन आली. चावडीपुढे रांगोळीने गावचा नकाशा काढताना एका आजोबांनी तिला थांबवून सांगितले, "पोरी, ओढा इकडं नाही, तिकडं वळतो." तिने नकाशा पुसून पुन्हा काढला. हा प्रसंग तिने आपल्या अहवालात लिहिला नाही. त्यास अहवालात रकाना नव्हता.

तर मानपत्र. आम्ही त्या वृद्ध आप्तांना घेऊन सरांच्या जुन्या कार्यक्षेत्रातील तीन गावे फिरलो. जे हाती लागले ते असे. एका गावी रब्बीपूर्वी सऱ्या पाडून पाणी मुरविण्याचे प्रात्यक्षिक सरांनी ज्यांच्या वावरात घेतले, त्यांचा मुलगा ते अजून करतो. दुसऱ्या गावी त्यांनी सुचविलेला वाण लोकांनी टाकून दिला, कारण कडबा आखूड निघाला. सरांनी तसे स्वतःच विद्यापीठास लिहून कळविले, असे गावकरी सांगतात. तिसऱ्या गावी पारावरील एका गृहस्थांनी खिशातून जुनी वही काढली. तीत सरांच्या हातची पावसाची नोंद होती, सलग चार वर्षांची, आणि पाचव्या वर्षापासून अक्षर बदललेले होते. ती पुढली नोंद त्या गृहस्थांची स्वतःची होती, आणि ती आजतागायत चालू आहे.

मानपत्रात आम्ही या तीन गावांची नावे घातली, न चाललेल्या वाणाची हकिकतही घातली. मंडळाच्या एका पदाधिकाऱ्यांनी अपयशाचा उल्लेख मानपत्रात शोभत नाही, असा आक्षेप घेतला. आम्ही तो सरांच्याच कानी घातला. ते म्हणाले, "तेवढा ठेवा. बाकीचं हवं तर कमी करा." नावाच्या आधी "प्राध्यापक" व "डॉक्टर" ही बिरुदे नेहमीप्रमाणे होती, आणि नावाखाली, कंसात, "ज्वारीवाले सर". व्यासपीठावरून ते शब्द वाचले गेले, तेव्हा मागल्या रांगांतून टाळ्या आल्या. त्या तीन गावांची माणसे स्वखर्चाने एस.टी.ने आलेली होती, आणि त्यांच्यापैकी एकाने येताना पावसाची ती वही बरोबर आणली होती.